मालकाचं नाव काय लिहू?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या घरी गेले होते. वाण घेतलं, तिळगूळ झाला, चपला घालताना दारात एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी ती लंगडी कुत्री अजून आहे का?" तिच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. पण तो 'अजून' घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना. घरी आले तर 'ती लंगडी' फाटकाशी शेपूट हलवत उभी. तीन पायांवर. तिला अशी तीन पायांवर उभी राहून आता साडेतीन वर्षं झाली.

या साडेतीन वर्षांत कितीतरी जणींनी मला विचारलंय, कुणी कौतुकानं, कुणी नाक मुरडून. "कसं करतेस गं एवढं?" "पाय कापायची काय गरज होती?" "खर्च किती येतो?" आणि शेवटचा ठरलेला प्रश्न, "एवढं एखाद्या माणसासाठी केलं असतंस तर?" सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून आज लिहायला बसले. पण आधी माझी चूक सांगते. ती लपवून पुढचं शहाणपण सांगण्यात अर्थ नाही.

तांबू आमची नव्हतीच मुळी. कॉलनीतलीच एक. रंग तांबूस म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. सकाळी दूधवाल्याच्या मागे मागे यायची, आमच्या पायरीशी बसायची, मी शिळी भाकरी कुस्करून घालायचे. नातं एवढंच. २०२२ च्या जून महिन्यात, नुकताच पाऊस सुरू झाला होता तेव्हा, मार्केट यार्डाच्या रस्त्यावर एका टेम्पोचं चाक तिच्या मागच्या डाव्या पायावरून गेलं. टेम्पो थांबला नाही. ती फरफटत आली, ती नेमकी आमच्याच पायरीशी.

मी काय केलं? तुमच्यातल्या बहुतेकींनी केलं असतं तेच. हळद लावली, जुन्या साडीची पट्टी फाडून गच्च बांधली. हे म्हणाले, "मुकं जनावर आहे, चाटून चाटून बरं करतं." मलाही ते ऐकायला सोयीचंच होतं. त्या दिवशी बचत गटाचे कागद बँकेत द्यायचे होते, दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पाणी ठेवलं, दूध ठेवलं आणि माझ्या मनाचं समाधान झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वास आला. पट्टी सोडायला गेले तर जखमेत अळ्या वळवळत होत्या आणि पाय खालून काळा पडून थंडगार झाला होता.

तांबूनं त्या वेळी माझ्या मनगटाला चावा घेतला. दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेली कुत्री! पण दोष तिचा नव्हता. वेदनेत असलेलं जनावर ओळख विसरतं. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. जखमी कुत्र्याला हात लावण्याआधी एखादी सुती पट्टी किंवा ओढणी त्याच्या तोंडाभोवती गुंडाळून मानेमागे गाठ मारायची. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही, जाणत्या माणसाला बोलवायचं. मी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला आणि त्याच सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू केली. ती तिथे मोफत मिळते. वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या सुया पुऱ्या केल्या, एकही चुकवली नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, म्हणून "घरचंच कुत्रं आहे, काही होत नाही" हे वाक्य कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा गुरांच्या दवाखान्याची पायरी चढले. आपल्याकडे त्याला असंच म्हणतात. पाटीवर 'पशुवैद्यकीय दवाखाना' असं असतं, पण आपल्या मनात तिथे गाई-म्हशीच जायच्या. डॉक्टर नुकतेच कुठल्याशा वाडीवरून एका अडलेल्या गाईची सुटका करून आले होते, चिखलाचे बूटही काढले नव्हते. त्यांनी तसंच खाली बसून तांबूची जखम धुतली, चिमट्यानं एकेक अळी काढली, इंजेक्शनं दिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, पट्टी कुणी बांधली?" मी गप्प. म्हणाले, "पहिल्या दिवशी आणली असती तर पाय वाचलाच असता असं मी म्हणत नाही, हाडाचा चुरा झालाय. पण तिचे तीन दिवसांचे हाल वाचले असते." हे वाक्य मी विसरलेले नाही. विसरायचंही नाही.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत. जखमेवर फिनेल, रॉकेल असलं काही ओतायचं नाही. कुत्रं चाटतं आणि ते पोटात जातं. आणि आपल्या औषधाच्या डब्यातली दुखण्याची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते, मूत्रपिंड निकामी करू शकते. 'लहान आहे म्हणून अर्धी देऊ' हा आपला हिशोब इथे चालत नाही.

चार दिवस रोज सलाईन आणि इंजेक्शनं झाली. पण पाय काढावाच लागणार होता, आणि कुत्र्याला भूल देऊन एवढं मोठं ऑपरेशन करायची सोय आमच्या तालुक्याला नव्हती. डॉक्टर म्हणाले, "शिरवळला न्या." शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे, पुण्याच्या रस्त्यावर. इतकी वर्षं एस. टी.तून जाता-येता त्यावरून गेले असेन, पण तिथे जनावरांचं मोठं रुग्णालय आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

न्यायचं कसं? खरी परीक्षा इथेच होती. एस. टी.त घेणार नाहीत. तीन रिक्षावाल्यांना विचारलं. एक म्हणाला सीट खराब होते, दुसरा म्हणाला वास राहतो, तिसऱ्यानं नुसतीच मान हलवली. त्यांचंही पोट त्यावरच आहे, राग कुणावर धरायचा? शेवटी भाजीच्या छोटा हत्तीवाल्या एका मुलानं होकार दिला. पहाटे मार्केटला भाजी उतरवून तो आला. जुन्या चादरीची चार टोकं धरून आम्ही तिला मागे ठेवलं आणि मी तिच्याजवळ गोणपाटावर बसले. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवायला सांगितलं होतं, भूल द्यायची म्हणून. खंबाटकीच्या घाटात वळणावळणाला ती कण्हत होती आणि मी तिच्या मानेवर हात ठेवून, काय बोलत होते कोण जाणे, बोलत होते.

शिरवळला एक्स-रे झाला, रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, पाय काढायचा. दुसरा, इंजेक्शन देऊन तिला शांतपणे जाऊ द्यायचं. म्हणाले, "दुसरा रस्ता निवडलात तरी त्यात पाप नाही. काढल्यावर पुढची दहा वर्षं सांभाळायची तयारी नसेल तर तोच बरा." मी विचारलं, "तीन पायांवर ती जगेल का?" ते हसले. "तिची काळजी करू नका. कुत्रं तीन पायांचं गणित आठ दिवसांत शिकतं. वेळ माणसांना लागतो."

मग त्यांनी एक कागद पुढे केला. ऑपरेशनला संमती आहे म्हणून सही. वरती पहिलाच रकाना होता, 'मालकाचं नाव'. तिथल्या मुलीनं पेन हातात धरून विचारलं, "मालकाचं नाव काय लिहू?"

मी थबकले. आमचं घर ह्यांच्या नावावर. सात-बारा सासऱ्यांच्या नावावर. रेशनकार्डाचं 'कुटुंबप्रमुख' हे माझं नाव असतं खरं, पण ते कार्ड कपाटातच असतं. कशाची तरी मालक म्हणून मला कुणी असं समोर बसून विचारलेलं मला आठवत नव्हतं. आणि ही तर कॉलनीची कुत्री! क्षणभर वाटलं, लिहावं 'बेवारस' आणि मोकळं व्हावं. पण बेवारस म्हणून लिहिलं तर पुढची दहा वर्षं कुणाची? मी माझं नाव सांगितलं. अख्खं. माझं सही करणं म्हणजे काय हे नंतर एका वकीलताईंनी समजावलं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आहे, त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं त्याच्या सुखरूपतेसाठी शक्य ते सगळं करायला हवं. ते कर्तव्य आहे. म्हणजे मालक या शब्दाचा अर्थ हक्कापेक्षा कर्तव्यच जास्त.

ऑपरेशन झाल्यावर तिला बघितलं तेव्हा मला रडू आलं. चिरडलं होतं पंजाच्या वर, आणि पाय काढला होता पार मांडीपासून. मला वाटलं, एवढा कशाला काढला? थोडा ठेवला असता तर टेकायला तरी झाला असता. अनेकजणी हेच विचारतात म्हणून सांगते. अर्धा पाय ठेवला तर कुत्रं तो टेकायला जातं, टोक जमिनीवर घासतं, पुन्हा पुन्हा जखम होते आणि ती बरी होत नाही. म्हणून वरूनच काढतात. त्यामुळे कृत्रिम पाय बसवायला जागा उरत नाही, आणि बहुतेक कुत्र्यांना त्याची गरजही पडत नाही. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की पाय मागचा गेला. कुत्र्याच्या शरीराचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असतं. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला तोल सांभाळणं जास्त अवघड जातं.

टाके निघेपर्यंतचे बारा दिवस कठीण गेले. ती टाके चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कर्णा आमच्या गावात मिळाला नाही. मुलानं फुटक्या बादलीचा तळ कापून, कडेला चिकटपट्टी गुंडाळून गळ्यात बसवला. तो घालून ती दाराला धडकायची, भांड्यात तोंड जायचं नाही, मग आम्ही हातानं भरवायचो. तिसऱ्या दिवशी ती आपणहून उठली. पडली. पुन्हा उठली. सासूबाई दाराशी बसून बघत होत्या. सुरुवातीला त्यांचा या सगळ्याला विरोध होता. पण त्या दिवशी म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसल्यात, त्यांना आपण हार घालतो. आणि दारातल्याला धोंडा मारतो. घाल तिला आत, पाऊस यायलाय." त्या दिवसापासून तांबू घरातली झाली.

माझी दुसरी चूक इथून पुढची. दयेपोटी मी तिला खायला घालत सुटले. बिचारीला पाय नाही, खाऊ दे. दुधात चपाती, वर तूप, कुणी पाहुणा आला की बिस्कीट. वर्षभरात चौदा किलोची तांबू एकोणीस किलोची झाली. एक दिवस तिचा उरलेला मागचा पाय लुळा पडल्यासारखा झाला, तिला उठवेना. मी घाबरून डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही प्रेम घालताय आणि ती ते एका गुडघ्यावर वाहतेय." चार पायांचं ओझं तीन पायांवर, त्यात पाच किलोची भर. तीन पायांच्या कुत्र्याला लठ्ठपणासारखा शत्रू नाही. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागायला हव्यात, ही त्यांनी सांगितलेली खूण. तेव्हापासून खाणं दोन वेळा, मोजून. भाकरी, थोडं वरण, शिजवलेली भाजी, अंडं, कधी बिनहाडाचं चिकन. शिजलेली हाडं नाहीत, कांदा नाही, मनुका नाहीत, चॉकलेट नाही. वजन करायची युक्ती सोपी आहे. वजनकाट्यावर तिला उचलून घेऊन उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. यात माझंही वजन मला कळायला लागलं, तो भाग वेगळा!

रोजची काळजी म्हणाल तर ती बारीकसारीक गोष्टींची आहे. आमच्या हॉलची फरशी चकचकीत. तिचा एकुलता मागचा पाय त्यावर घसरायचा. आता तिच्या वाटेवर गोणपाटं आणि जुन्या गोधड्या अंथरलेल्या असतात. घर दिसायला काही छान दिसत नाही, पण आमच्या घरी चित्रं काढायला कोण येतंय! नखं वाढली की पाय आणखी घसरतो, म्हणून ती वेळच्या वेळी कापायची. फिरवायचं रोज, पण थोडं थोडं आणि तीन-चार वेळा, एकदम लांब न्यायचं नाही. पायऱ्या चढउतार शक्यतो नको. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. "मुकं जनावर चाटून बरं करतं" म्हणणाऱ्या ह्यांनीच एका रविवारी फळीला गोणपाट ठोकून उतरण करून दिली. बोलले काही नाहीत. मीही काही बोलले नाही.

आणि एक गोष्ट कुठल्या डॉक्टरांनी सांगितली नव्हती, ती मला तिच्याकडे बघता बघता कळली. कुत्रं कान खाजवतं ते त्या बाजूच्या मागच्या पायानं. तांबूचा डावा कान खाजायला लागला की ती मान वाकडी करते, डावं अंग थरथरतं, नसलेला पाय हलवल्यासारखं करते आणि मग थांबते. त्या बाजूचा कान तिला कधीच खाजवता येणार नाही. पहिल्या वर्षी त्या एका कानात गोचिडांचा घोस झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता रोज रात्री भांडी आवरली की मी तिच्याजवळ बसते आणि तिचा डावा कान खाजवते. ती डोळे मिटून घेते. दिवसभरात मी इतक्यांसाठी इतकं काही करते, पण एवढं समाधान मला दुसऱ्या कशात मिळत नाही, खरं सांगते.

आता पैशांचं. ऑपरेशनच्या वेळी गाडीभाडं, औषधं, तपासण्या, नंतरच्या फेऱ्या असे मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. सरकारी महाविद्यालयात फी बेताची होती, जास्त पैसे गाडीला आणि बाहेरून आणलेल्या औषधांना लागले. मला त्या महिन्यात भिशी लागली होती. त्यातून भांड्यांचा स्टँड घ्यायचा होता, तो राहिला तो राहिलाच. पण दर वेळी भिशी लागणार नाही, हे मला कळत होतं. वर्षाला रेबीजची लस, बाकीच्या रोगांची लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडाचं औषध, अधूनमधून सांध्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं काही. हे संपणारं नाही.

म्हणून मी बचत गटात विषय काढला. पहिल्यांदा हशा झाला. मग एक आजीबाई म्हणाल्या, "माझ्या नातवाला गेल्या साली कुत्रं चावलं, पाच दिवस जीव टांगणीला. सुया कुत्र्यांना द्या, म्हंजे पोरांना द्याव्या लागणार न्हाईत." तिथे सगळ्या गप्प झाल्या. अकरा जणी महिन्याला तीस रुपये द्यायला तयार झाल्या. एक जुना बिस्किटाचा डबा, एक वही, हिशोब दर महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचायचा. वर्षाला चार हजाराच्या आत जमतात. एवढ्यात कॉलनीतल्या नऊ कुत्र्यांना रेबीजची लस टोचली गेली, चार कुत्र्यांची नसबंदी झाली, त्यात तांबूही. तीन पायांवर पिल्लांचं ओझं तिला झेपलंच नसतं. छोटा हत्तीवाल्या मुलाचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे. मी लग्नाकार्याला बाहेरगावी गेले तर तांबूचं खाणं शेजारच्या वहिनींकडे, हेही वहीत लिहून ठेवलंय.

"एवढं माणसांसाठी केलं असतंस तर?" या प्रश्नाचं उत्तर आता देते. मी माणसांसाठी करते. वीस वर्षं करतेय. बचत गट, रेशनच्या तक्रारी, दारूच्या नवऱ्यांची भांडणं. पण हा प्रश्न मला आजवर माणसांसाठी काही करणाऱ्या एकीनंही विचारलेला नाही. तो विचारतात ते बहुधा दोन्हींसाठी काही न करणारे. आणि माझा अनुभव असा की एकासाठी बांधलेली व्यवस्था दुसऱ्याच्या कामी येते. शेजारच्या आजोबांना रात्री अचानक छातीत दुखायला लागलं, तेव्हा अर्ध्या रात्री फोन गेला तो त्या वहीतल्या छोटा हत्तीवाल्यालाच.

कुत्र्यांची भीती वाटते त्यांना मी वेडं म्हणणार नाही. पोरं चावली जातात, काही दगावतात, हे खरं आहे. २०२५ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला. २२ ऑगस्टच्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा त्यांच्या जागी सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नयेत आणि रस्त्यावर कुठेही खायला न घालता ठरलेल्या जागीच घालावं असं सांगितलं गेलं. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांतून कुत्री हलवण्याचे निर्देश आले. त्या सगळ्या वादात घराघरात दोन पक्ष पडले, कुत्र्यांच्या बाजूचे आणि विरोधातले. मला दोघांनाही एकच विचारावंसं वाटलं. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली? शिळी भाकरी टाकणारीकडेही उत्तर नाही आणि दगड मारणाऱ्याकडेही नाही. मीही दोन वर्षं नुसती भाकरीच टाकत होते.

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. गोड गोष्ट आहे. पण तुपाची वाटी घेऊन धावायला एक क्षण पुरतो, औषधाची वाटी घेऊन रोज उभं राहायला वर्षं लागतात. दया आपल्या बायकांकडे भरपूर आहे. ती माझ्याकडेही होती, त्या पहिल्या तीन दिवसांत. तांबूचे हाल दया नव्हती म्हणून झाले नाहीत. डॉक्टर कुठे, गाडी कुणाची, पैसे कुठले, हे मला माहीत नव्हतं म्हणून झाले.

म्हणून मैत्रिणींनो, आज रात्री आवराआवर झाली की एवढं करा. आपल्या गावातल्या गुरांच्या दवाखान्याचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही लिहा. ती सोय मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, पण फोन करून सल्ला विचारायला हरकत नाही. जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय कुठलं ते बघून ठेवा. मुंबईत परळ, आमच्याकडे शिरवळ, तिकडे नागपूर, अकोला, परभणी, उदगीर. जनावर न्यायला तयार होईल असा एक गाडीवाला आत्ताच विचारून ठेवा, गरज पडेल तेव्हा विचारू नका. आणि पाच-सहा जणी मिळून एक डबा सुरू करा.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. मुंबईत परळला बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय १८८० च्या दशकापासून आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली. तालुक्याच्या गावाला निदान महिन्यातला एक दिवस तरी कुत्र्या-मांजरांच्या ऑपरेशनची सोय का असू नये? तालुक्यातले डॉक्टर काम करायला तयार असतात, मी बघितलंय. त्यांच्याकडे भुलेचं यंत्र आणि एक मदतनीस नसतो. नगरपरिषदेच्या सभेत, पंचायत समितीत, निवडणुकीला मत मागायला आलेल्याला, हा प्रश्न विचारा. हसतील. आमच्या गटातही आधी हसल्याच होत्या.

या शनिवारी तांबूची वर्षाची लस आहे. छोटा हत्तीवाल्याला सांगून ठेवलंय, वजन कालच केलं, साडेचौदा. दवाखान्यात पुन्हा तो कागद येईल आणि पुन्हा तो रकाना. आता मला विचार करावा लागत नाही. आणि हळदीकुंकवाच्या दारात विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला सांगायचं राहिलं ते इथे सांगते. हो गं, आहे. अजून आहे. ये कधीतरी, आणि आलीस की तिचा डावा कान खाजव.